चांदीचं लिव्हर

॥ श्री ॥
सिडको, एन-७,
छत्रपती संभाजीनगर
९ जानेवारी २०२५

चि. ओवीस कालिंदीआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं तसं नाही. हैदराबादला पत्र आलेलं बघून तू दचकली असशील. पण घरात धड चालणारा फोन एकच, आणि तो तुझ्या काकांच्या खिशात. आलेला मेसेज ते वर्तमानपत्रासारखा मोठ्यानं वाचतात, मग तो कुणाचा का असेना. म्हणून पत्र. उत्तर खालच्या मजल्यावरच्या मनकर्णाबाईंच्या पत्त्यावर टाक. बाई विश्वासाच्या आहेत. उघडून वाचतील, पण कुणाला सांगायच्या नाहीत.

बातमी अशी, की काकांचं कोलेस्टेरॉल तीनशे बारा निघालं. डॉक्टरांनी एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा काकांकडं, आणि कुणा जाड माणसाची बाटली बदलून आली म्हणाले. पुन्हा रक्त काढलं तर तीनशे अठरा. तुला काका ठाऊकच आहेत. शर्ट खुंटीला असला काय नि अंगात असला काय, सारखाच दिसतो.

आता तूच सांग, हे आलं कुठून? मी तेलातुपाची वही ठेवते. तूप महिन्याला पाव किलो, त्यातलं निम्मं निरांजनाला. म्हणजे चढायचंच होतं तर आधी देवीला चढायला हवं होतं! मला वाटलं, हे बाहेर खातात. म्हणून दोन दिवस मागं मागं गेले. वाचनालयातून निघाले की गुलमंडीला इमरतीच्या कढईसमोर पाच मिनिटं उभे राहतात आणि परत फिरतात. दुसऱ्या दिवशीही तेच. ओवी, नुसत्या वासानं चढतं का गं?

गंगापूरच्या मोठ्या जाऊबाईंना कळलंच. म्हणाल्या, की आमच्याकडं मामंजी चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले, आमचे हे एकोणपन्नासाव्या, दोघांचंही छातीत दुखून. पण आम्ही त्यांना निदान पोटभर जेवू तरी घालत होतो. त्या दोन आकड्यांनी माझी झोप उडाली. काका एकसष्टचे आहेत. म्हणजे ते उशिरानं निघालेल्या गाडीत बसलेत की काय, असं वाटत राहतं.

डॉक्टरांनी गोळी दिलीय. रोज एक, जन्मभर. सोमवारपासून चालू केली. त्याच दिवशी आपल्या वसाहतीतल्या देवीला बोलले, की दोनशेच्या आत आणलंस तर चांदीचा अवयव वाहीन. डोळ्यासाठी डोळा वाहतात, पायासाठी पाय. यासाठी कुठला वाहायचा? हृदय म्हणावं तर डॉक्टर म्हणतात हृदयाचा यात दोष नाही, त्याला फक्त भोगायचंय. तू त्याच खात्यात आहेस, तेव्हा नीट चौकशी करून कळव. अवयव चुकला तर नवस चुकला.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, त्याला खंड पडू देऊ नये.

तुझी,
कालिंदीआत्या


हैदराबाद
१८ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र प्रयोगशाळेत सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. एका मुलीनं त्याचा वासही घेतला. वासावरून आठवलं, इमरतीच्या वासानं कोलेस्टेरॉल चढत नाही. काकांना उभं राहू दे.

अवयव लिव्हर. मी चार वर्षं त्याच्याच पेशी वाढवतेय, तेव्हा खात्रीनं सांगते.

कोलेस्टेरॉल हा काही बाहेरून आलेला चोर नव्हे. पेशींच्या भिंती त्यानं लिंपलेल्या असतात, पित्त त्याच्यापासून होतं. शरीराला तो लागतोच, म्हणून लिव्हर तो घरीच करतं. तू बाहेरून कमी दिलास तर ते आत जास्त करतं. रक्तातून त्याच्या पुड्या वाहत असतात. लिव्हरच्या पेशीला बाहेरच्या अंगाला बारीक बारीक हात असतात असं समज. हात पुडी पकडतो, आत नेऊन टाकतो आणि परत दारात येऊन उभा राहतो. एकेक हात शंभर खेपा करतो. काकांच्या पेशींना जन्मापासून निम्मेच हात धड मिळालेत. त्यामुळे पुड्या रक्तात फिरत राहतात, रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतात, तिथं वर्षानुवर्षं थर बसतो आणि एक दिवस हृदयाकडची वाट बंद. त्यांच्या वडिलांचं, भावाचं हेच झालं असणार. तुझं वरण पातळ होतं म्हणून मदतच झाली. पण सगळं वरणावर निभत नाही.

गोळी काय करते, तर पेशीच्या आतली चूल मंद करते. आत चणचण भासली की पेशी जादा हात बाहेर काढते आणि रक्तातल्या पुड्या ओढून घेते. इतकं साधं आहे, आणि इतकं हुशारीचं. सोबत चित्र काढून पाठवतेय.

चेष्टा पुरे, आता महत्त्वाचं. हा दोष बापाकडून मुलाकडं येतो, निम्मी निम्मी शक्यता. श्रीरंगदादाचं रक्त या रविवारीच तपासा. तो एकतीसचा आहे, हीच वेळ आहे.

मनकर्णाबाईंनाही नमस्कार, कारण त्या हे वाचतायतच. आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर असू द्यावा.

तुझी,
ओवी


॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
७ मार्च २०२५

चि. ओवीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं लिव्हर मला फार आवडलं. बाहेरून नाही आलं तर घरात करायचं, आणि दारात माणूस उभा करून येणारं-जाणारं आत ओढायचं. अगदी माझ्या वळणाचं आहे. इतकी वर्षं मी त्याला नुसतं दारुड्यांचं समजत होते, त्याबद्दल मनातल्या मनात क्षमा मागितली.

तुझं चित्र घेऊन सराफ्यात गेले. सोनारांकडं डोळा, कान, हात, पाय, पाळणा, सगळ्यांचे साचे आहेत. लिव्हरचा नाही. आधी त्यांनी कैरीसारखं काहीतरी करून दिलं. मी म्हटलं, हात कुठायत? त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, की ही कुठल्या देवीची मूर्ती आहे. शेवटी जुनी तुटकी निरांजनं वितळवून, बावीस हात जोडून दिले. निम्मे वाकडे करायचे का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको, देवीला चांगलंच द्यावं.

आणि ओवी, देवी पावली! सात आठवड्यांत तीनशे बाराचं एकशे शहाऐंशी. त्याच मंगळवारी लिव्हर वाहिलं. धोंडिबा गुरवाला ते कासव वाटलं, म्हणून त्यानं उंबऱ्यापाशी ठेवलं आणि लोक त्याला पाय न लावता ओलांडू लागले. मी खुलासा केला तर देऊळ समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब म्हणाले, की लिव्हर म्हणजे कलेजीच ना, आणि आपलं देवस्थान तर सात्त्विक. त्यावर दीड तास बैठक झाली. अखेर ठराव झाला, की चांदीचं लिव्हर शाकाहारी समजण्यात यावं. आता ते गाभाऱ्यात आहे. मनकर्णाबाईंनी तेवढ्यात चांदीचं पित्ताशय बोललंय. सोनार आत तीन खडेही घालून देणार आहेत. हलवलं की वाजेल.

गोळी अर्थातच बंद केली. देवीनं शब्द पाळल्यावर गोळी चालू ठेवायची म्हणजे तिला सांगायचं, की बाई, तुझं काम बरं आहे, पण मी दुसरा माणूसही लावून ठेवलाय. मला ते जमायचं नाही. काका हो म्हणाले. ते कशालाही हो म्हणतात.

श्रीरंगचं रक्त तपासलं. दोनशे अठ्ठ्याऐंशी. तो तिकडं वाळूजला राहतो, कारखान्यात उभ्यानं काम करतो, मला वाटायचं त्याला काही शिवणार नाही. त्याच्या डॉक्टरांनीही गोळी दिलीय. तूर्त चालू आहे. काकांचा दोन महिन्यांनी पुन्हा कागद काढू. तो चांगला आला तर श्रीरंगसाठीही बोलेन, एक लहान लिव्हर.

चित्राबद्दल तुला देवीचा अंगारा पाठवतेय. स्वतःला जप, आणि मायेत कमी येऊ देऊ नकोस.

तुझी,
कालिंदीआत्या


हैदराबाद
१३ मार्च २०२५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अंगारा लावला. आता ऐक.

गोळी आजच्या आज चालू कर. एकशे शहाऐंशी हे गोळी चालू असतानाचं आहे. बंद केली की चार-आठ दिवसांत पेशीतली चूल पुन्हा पेटते, जादा हात मागं घेतले जातात आणि दीड-दोन महिन्यांत आकडा होता तिथं जाऊन बसतो. काकांचे वाकडे हात सरळ झालेले नाहीत, होणारही नाहीत. आणि यात काही दुखत नाही, खुपत नाही, हीच वाईट गोष्ट आहे. दुखलं असतं तर तुझ्या सासऱ्यांनीही कुणाला तरी सांगितलं असतं.

तू देवापुढं रोज तेल घालतेस ना? एकदा भरपूर घातलं, आता वर्षभर बघायला नको, असं कधी म्हणालीस का? तसंच हे. रागावलीस तरी चालेल, पण ऐक. चित्र काढून पाठवलं याचा मला आता जरासा पश्चात्ताप होतोय.

उत्तराची वाट पाहते. तुझा लोभ माझ्या हट्टापेक्षा मोठा आहे हे मला माहीत आहे.

तुझी,
ओवी


वाचनालय, औरंगपुरा,
छत्रपती संभाजीनगर
दि. २२ एप्रिल २०२५

विषय : गोळी चालू असल्याबाबत.
संदर्भ : आपले १३ मार्चचे पत्र (मनकर्णाबाईंनी जिन्यात वाचून दाखविले).

चि. ओवी, अनेक आशीर्वाद.

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, मी गोळी एकही दिवस बंद केलेली नाही. तुझ्या आत्याने पाकिटे काढून घेतल्यावर मी स्वतः आणली. ती चष्म्याच्या घरात असतात. रोज सकाळी अकरा वाजता, अग्रलेख संपल्यावर, वाचनालयाच्या माठातील पाण्यासोबत घेतो. चौतीस वर्षे पैठणला धरणावर पातळी नोंदविली, त्यामुळे तुझे म्हणणे मला लगेच समजले. आवक तेवढीच आणि निम्मे दरवाजे जाम, तर पातळी चढणारच. गोळी म्हणजे जादा दरवाजे. धरणाला कोणी नारळ वाहिला म्हणून दरवाजे कायमचे उघडे राहत नाहीत. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. माझा थोरला दादा तर तहसीलच्या पायरीवर माझ्या शेजारीच बसला होता, आणि पाणी आण म्हणाला. मी पाणी घेऊन आलो. असो.

हे मी घरी सांगितलेले नाही. कारण, ती स्वयंपाक करताना गुणगुणते. छत्तीस वर्षांत मी हे प्रथमच ऐकतो आहे. देवी पावल्याच्या आनंदात तिने चहा सोडला आहे. सबब धीर झाला नाही.

अडचण पुढे आहे. माझा नवा कागद आला, एकशे एकोणऐंशी. तो पाहून तिची खात्रीच झाली. पाडव्याला तिने चि. श्रीरंगकडून त्याची गोळी बंद करण्याचे कबूल करून घेतलेच होते. आता कागद पुढे करून उरलेली पाकिटेही काढून घेतली. तो म्हणाला, बाबांचं चाललंय ना, मग माझंही चालेल. शिवाय तात्यासाहेब माझे दोन्ही कागद, पहिला व हा नवा, प्लास्टिकमध्ये बसवून गाभाऱ्याबाहेर लावणार आहेत. खाली मजकूर असा : वरील उतार केवळ देवीच्या कृपेने, औषधाविना. त्याखाली माझी सही. ४ मे रोजी बैठक आहे.

चौतीस वर्षांत मी खोट्या पातळीवर सही केलेली नाही. काय करावे, मार्गदर्शन व्हावे. उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर. पोस्टमन कडुबा दोन्हीकडची पत्रे आणतो, पण तो काही बोलत नाही, नुसता हसतो.

तुझा,
सदाशिवकाका


हैदराबाद
२७ एप्रिल २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काका, तुम्ही गोळी घेताय हे वाचून मी प्रयोगशाळेतच टाळी वाजवली आणि पुढच्याच ओळीला खाली बसले. तुमची पातळी खरी आहे, पण तिच्या भरवशावर श्रीरंगदादाचे दरवाजे बंद झालेत. बाबांचं चाललंय, असं तो म्हणतो. बाबांचं चाललेलं नाही, बाबा चष्म्याच्या घरातून चालवतायत.

मी आत्याला लिहिलं तर ती म्हणेल, की पोरीला देवाधर्मातलं काय कळतं. तुमच्या हातात पाकीट आहे. ते दाखवा. तिचं गुणगुणणं थांबेल, ठाऊक आहे. श्रीरंगदादाचं वय मोजा आणि तुमच्या वडिलांचं गेले तेव्हाचं मोजा. तेरा वर्षं आहेत मध्ये.

चार तारखेच्या संध्याकाळपर्यंत थांबते. त्यानंतर मी मेसेज करीन, आणि तुमच्या सवयीनं तुम्हीच तो मोठ्यानं वाचाल.

तुमच्यावर पूर्ण भरवसा ठेवून, आशीर्वाद मागते.

तुमची,
ओवी


॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
२० मे २०२५

चि. ओवीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन महिने उत्तर दिलं नाही. आधी राग होता, मग तोंड नव्हतं. हे पत्र घरच्याच पत्त्यावरून लिहितेय, तुझंही इथंच येऊ दे. आता लपवायला काही उरलं नाही.

चार तारखेला देवळात साठेक माणसं होती. तात्यासाहेबांनी हार आणला होता. काकांच्या पुढं पेन आणि कागद ठेवला. काका चष्मा काढायला म्हणून त्याचं घर उघडायला लागले, ते उघडेचना. मग उघडलं, आणि त्यातून चष्म्याच्या आधी गोळ्यांचं पाकीट पडलं. ते मुद्दाम पाडलं की पडलं, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, की सदरहू मजकुरात एक शब्द चुकला आहे. औषधाविना नाही, औषधासह. तशी दुरुस्ती केल्यास सही करतो. तात्यासाहेबांनी हार परत पिशवीत घातला. धोंडिबा गुरव म्हणाला, मी आधीच कासव म्हणत होतो. मनकर्णाबाईंनी त्या गडबडीत पित्ताशय वाजवलं.

मी तीन दिवस काकांशी बोलले नाही. त्यांनी गोळी घेतली याचा राग नव्हता. अगं, मला तर आतून बरंच वाटलं, आणि त्याचाच राग आला. पण मी श्रीरंगच्या हातातून पाकीट घेत होते तेव्हा हे समोर पोहे खात बसले होते. तसंच बोलून दाखवलं. ते म्हणाले, की हो, ती माझी चूक, आणि ती दुरुस्त करायला पेन पुरायचं नाही. काढून तर मीच घेतलं होतं ना.

श्रीरंगचं रक्त पुन्हा काढायला लावलं. दोनशे एक्क्याण्णव. पण तो आता हटून बसला. म्हणाला, की आई, आधी तू आणि देवी मिळून एकदाचं ठरवा, मग काय गिळायचं ते गिळतो. तोवर मी ठणठणीत आहे, परवाच क्रिकेटमध्ये चाळीस काढले. ओवी, सासरेही म्हणे गेले त्याच्या आदल्या दिवशी विहिरीत पोहले होते. दोन रविवार तो आला नाही. फोन केला की काकांना सांगायचा, कामात आहे.

मग मी देवीसमोर जाऊन बसले. तिला सरळ विचारलं, की दुसरा माणूस लावला म्हणून तुला राग आला का? बराच वेळ बसले. उठताना ध्यानात आलं, की मी शिऱ्याचा नैवेद्य दाखवते तेव्हा रवा काही देवी आणत नाही. दुकानातूनच येतो. एकदा तिच्यापुढं ठेवला की तो तिचा, आणि मग कुणाची बिशाद आहे नाही म्हणायची? त्याच संध्याकाळी वाटीत गोळ्या ठेवल्या, वर तुळस ठेवली, पाणी फिरवलं. धोंडिबाला विचारलं नाही, तात्यासाहेबांना तर नाहीच. आरती झाल्यावर काकांच्या हातावर एक ठेवली. त्यांनी डोळ्यांना लावून घेतली आणि गिळली. शेजारच्या चार जणांनीही हात पुढं केले. त्यांना खडीसाखर दिली. दुसऱ्याचा प्रसाद आपल्याला लागू पडत नाही, एवढं मलाही कळतं.

राहिला श्रीरंग. काल तांब्याची वाटी फडक्यात बांधून सिटी बसनं वाळूजला गेले. उन्हात कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिले. वॉचमनला वाटलं मी वर्गणी मागायला आले. दुपारी पहिली पाळी सुटली, माणसांचा लोंढा बाहेर आला, त्यात श्रीरंग. मला बघून गाडी ढकलत उलटा फिरायला लागला. मी जागेवरूनच हाक मारली, की देवीचा प्रसाद आणलाय. सगळा लोंढा थांबला. त्याचे साहेब थांबले, त्यांनी चपला काढल्या. आता काय करतोय? आला, पाया पडला, डाव्या हातावर उजवा ठेवून गोळी घेतली. मला हळूच म्हणाला, की आई, हे रोज करणार का तू? मी म्हटलं, फाटक उघडं असेल तोवर. पाणी नव्हतं, तशीच गिळली. मी त्याला साहेबांच्या देखत तोंड उघडायला लावलं आणि जीभ वर करून खाली पाहिलं.

आत्या म्हणून चुकले असेन तर पोटात घाल, आणि शहाणपणाचं काही असेल ते असंच रागावून लिहीत जा.

तुझी,
कालिंदीआत्या